ताईने सांगितलेलं माप

हॅलो?… हो ताई, मीच. तुलाच लावणार होते… नाही, दुकानात नाही, शटर ओढून आलेय. बोटवाल्या काकांच्या शेडमध्ये उभी आहे… पंखा आहे तो, मोठा. ऐकू येतंय ना?

अगं ऐक ना आधी. तू काकांना परस्पर फोन केलास?… हो का? मग त्यांना काय स्वप्न पडलं, माझी वल्ह्याची कयाक रुंद साच्यात काढायची म्हणून?… बरं, नुसतं सुचवलंस. तुझ्या सुचवण्यावर माणूस साच्याला लावायचं रेझिन कालवून बसलाय. मी वेळेवर पोचले म्हणून.

नाही ताई. मी दुसऱ्या साच्यातलीच घेणार… लांब, अरुंद, खालून गोलसर. तीच… डगमगते ना, डगमगू दे की. धक्क्यापाशी संथ पाण्यात डगमगते. मला धक्क्यापाशी बसून चहा प्यायचा नाहीये, बेटापर्यंत जायचंय.

हो… हो… अगं पण… हो. झालं तुझं? 'थोडं सैल बरं' हे दुकानात गिऱ्हाइकाचा कोट शिवताना ठीक आहे. शाळेच्या गणवेशाला तर आणखीच ठीक, पोरं वाढतात. मी आता कुठे वाढणार आहे? वाढलेच तर कमरेत, आणि तेवढी जागा काकांनी धरलीय.

रुंद म्हणजे सुरक्षित, तसं नसतं गं. रुंद, सपाट तळ पाण्याला धरून राहतो. पाणी सपाट आहे तोवर सोफ्यावर बसल्यासारखं वाटतं. लाट बाजूने आली की पाणीच तिरकं होतं, मग बोटही तिरकी. तळ गोलसर असला की मला कमरेतून सावरता येतं, लाट खालून निघून जाते… शिकलेय ना. नाकातोंडात पाणी जाईपर्यंत शिकलेय.

आणि वेग म्हणशील तर ती हौस नाही. भरती फिरायच्या आत वाटेतलं खडकाचं टोक मागे टाकावं लागतं. रुंद बोट रेटता रेटता हात गळून जातात आणि माणूस नेमका तिथेच सापडतो… कोण सापडलं म्हणून काय विचारतेस? मीच. गेल्या वर्षी.

मी घाई केली म्हणून नव्हती उलटली बोट. तू अख्ख्या गल्लीला तेच सांगत फिरलीस, मी ऐकून घेतलं…

काका, एक मिनिट, झालंच… ताई, रेझिन घट्ट व्हायला लागलंय, म्हणून एकदाच सांगून टाकते. ती बोट रुंद होती म्हणून उलटली. तू हट्टाने घ्यायला लावलेली. तुझ्या जिवाला लागेल म्हणून वर्षभर गप्प बसले.

ताई?… रडतेयस?

रडू नकोस गं. काळजीपोटीच घ्यायला लावलीस, मला काय कळत नाही?… नाही. 'जाऊच नकोस' हे मात्र नाही ऐकणार. त्या टोकापाशी मला होडीतल्या दोघांनी कॉलर धरून वर ओढलं. शिलाई मशीनवरून मान वर केली की खिडकीत तेच टोक दिसतं, आणि मी परत मान खाली घालते. कंटाळा आला मला त्याचा. या वेळी वल्हं मारत जाणार तिथून.

काय?… परत बोल, पंख्यात ऐकू नाही आलं… काकांना फोन देऊ? नको, एकदा बोललीस तेवढं पुरे… अच्छा. अरुंदच घे म्हणतेस? नक्की ना?… थांब, मीच सांगते.

काका, अरुंद साचा घ्या. हो, ताईच म्हणतेय.

ताई, ऐक. भीती वाटते तर वाटू दे, मलाही वाटते. रोज मला फोन करून सांग, मी ऐकेन. फक्त तुझ्या भीतीपायी माझं माप बदलू नकोस… हो… ठेवते आता. काकांनी दुसरा ब्रश माझ्या हातात दिलाय.