मुलगा बघायला आलेली माणसं

बसा हो रुक्मिणीबाई, निरोप सांगाल सावकाश, आधी माझं ऐका — हे स्थळ तुम्हीच आणलंत ना! मुलगी चाकणला कंपनीत, आमचा सिद्धेशही चाकणलाच, म्हटलं बरं झालं. तर ती दीक्षा याला फोनवर म्हणते, नेहमी मुलाकडचे बघायला जातात, आपण ‘द अदर वे राउंड’ करू. मी विचारलं, म्हणजे काय रे? तर म्हणे, आई, आधी जे सांगितलं त्याच्या बरोब्बर उलट — सगळं परत बोलायला नको म्हणून एवढंच म्हणायचं. तू मला जेवायला वाढतेस. द अदर वे राउंड, म्हणजे मी तुला वाढायचं. मी म्हटलं, वाढलंस कधी?

आणि आली की हो रविवारी, आईबापाला घेऊन, आकुर्डीत आमच्या घरी! ती सोफ्यावर, आणि माझा मुलगा ट्रे घेऊन उभा — कप नुसते खडखडत होते. आणि माझ्या तोंडून काय जावं? ‘पोहे सिद्धेशनंच केलेत!’ आता मुलीकडचे असंच म्हणतात की नाही? म्हणतातच. मला बघायला आले तेव्हा माझी आई नव्हती म्हणाली? तोरण शेजारणीचं, आणि म्हणे आमच्या जाईनंच विणलंय! पण तिथं कुणी खोलात गेलं नाही. हिनं लगेच विचारलं, पोहे किती वेळ भिजवले? हा शहाणा म्हणतो, उकळी येईपर्यंत. हसली हो! आई हसली, बाप हसला — माझ्या घरात बसून माझ्या पोराला हसले! अंगाचा तिळपापड झाला माझ्या. माझ्या वेळी मला चालून दाखव म्हणाले, केस सोड म्हणाले, मी सोडले — मान तरी वर केली का? आणि ही विचारते, माझी सेकंड शिफ्ट असली की स्वयंपाक कोण करणार? यानं माझ्याकडे बघितलं. मग तिनंही माझ्याकडेच बघितलं — असं कुणी बघितलं नव्हतं हो माझ्याकडे... ते जाऊ द्या. मुलगी धीट आहे. घरात अशी एक पाहिजेच. आमचा होकार आहे, कळवून टाका —

काय? — नाही म्हणाली? — ती? — आमच्या सिद्धेशला? का पण? पोरात खोट काय आहे? परमनंट आहे, सुपारीचं खांडही तोंडात घालत नाही — कारण विचारायचं नसतं? कुणी ठरवलं हे? — मी? भोसरीच्या मुलीच्या वेळी? ते वेगळं होतं हो. आपण नाही म्हटल्यावर तिच्या आईचे फोन येत होते, मी उचलले नाहीत, बरोबर आहे, पण ते — ते मुलीकडचे होते!

आज पोरगा दाढी करून, नवा शर्ट घालून कामाला गेलाय. आल्या आल्या माझं तोंड बघेल. मला नकार आला की आई म्हणायची, त्यांचं आधीच दुसरीकडे ठरलं होतं गं. दरवेळी तेच म्हणायची. मी दरवेळी खरं धरायची.

उठा तुम्ही. चहाबिहा काही नाही आज. जाताना दार ओढून घ्या.