डब्याचं तिकीट

पनवेलच्या मोटार-अड्ड्यावर उरणच्या रांगेत उभ्या असलेल्या हाफिजभाईंना पुढचं काही दिसत नव्हतं. उरणजवळच्या मोरा बंदरावरची रंभा कोळीण आणि कंडक्टर यांचे आवाज तेवढे कानावर येत होते.

"बाई, जळकं तेल गाडीत घेत नाही. घाण आहे ती."

"तुमच्याच गाडीच्या इंजिनातलं हाय. तवा घाण नव्हती?"

"ते आम्ही फेकून दिलेलं."

"आन् आमी उचललेलं. पंधरा दिस निवळू दिलं, लुगड्यातनं तीनदा गाळलं. बोट घाला. कचकच लागली तर डबा हितंच ओतते."

"एवढा खटाटोप कशाला?"

"होडीला लावाया. गाळ असला तर लाकूड तेल पीत नाय, आन् कोरड्या लाकडात किडा शिरतो. उद्याच्या भरतीला होडी पाण्यात जायची हाय."

"पण पायाशी ठेवता येणार नाही. सांडलं तर लोक घसरतील. आणि सीट एकच शिल्लक आहे."

"मंग डब्याचं तिकीट फाडा."

"आणि तुम्ही?"

"मी चालत येते. उरणला माझा दादला त्याला उतरवून घेईल."

"बाई, चालत? उरणपर्यंत?"

"पाय माझे हायत. डब्याला तेवढं खिडकीशी बसवा, तुमच्या लोकांना वास नको."