धुरपताबाईंचं बोलणं कुणाचं?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समितीचे आदरणीय शेषराव काका, व्यासपीठावर विराजमान मुख्याध्यापिका राजनंदिनी मॅडम, गावच्या सरपंच मंजुळाबाई, माझे सहकारी, पालक मंडळी, मागच्या रांगेत चुळबुळ करणारे माझे विद्यार्थी, आणि ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो त्या सत्कारमूर्ती, धुरपताबाई. बाई, खुर्चीत नीट टेकून बसा. कडेला बसू नका, ती आज तुमचीच आहे.

एकोणीस वर्षं बाईंनी या शाळेची खिचडी शिजवली. आता गुडघे ऐकत नाहीत म्हणून त्या थांबताहेत. त्यांच्या खिचडीबद्दल काका बोलले, मॅडम बोलल्या. मी कॉम्प्युटरचा मास्तर. मला त्यांच्या एका वाक्याबद्दल बोलायचं आहे. ते या गावात कुणाला माहीत नाही? ताटात डाव रिकामा केला की बाई म्हणणार, "घे अजून, काहून लाजून राहिला?" पोरगी असली तर "राहिली". साहेब तपासणीला आले तेव्हा त्यांनाही सुटका नव्हती.

पालकांपैकी काहींना अर्धीच गोष्ट ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. एका परदेशी कंपनीचा शेतीचा खेळ आहे. त्यात एक पोरगा खेड्यात येतो, नांगरतो, भाजी विकतो आणि एका म्हातारीच्या खानावळीत जेवतो. आमच्या पोरांना त्या खेळाचं वेड. पण दहावीतली आकांक्षा एक दिवस म्हणाली, "सर, ही म्हातारी जेवायला वाढून राहिली का पावती फाडून राहिली?" इंग्रजीत ती बोलायचीच तशी. मग पोरांनी खेळातले आवाज काढून आपले घातले. खेळातला सरपंच बोलला तो आपल्या भाषेत, दुकानदार बोलला तो आपल्या भाषेत. आणि म्हातारीसाठी धुरपताबाईंना कॉम्प्युटर खोलीत बोलावलं. पंखा बंद, दार बंद. बाईंना लिहून दिलेलं वाचता येईना. तेवढ्यात पडद्यावर तो पोरगा येऊन बाकावर बसला. बाई म्हणाल्या, "लई वाळलंय की हे लेकरू," आणि त्याच आपल्या वाक्यानं त्याला आग्रह करायला लागल्या. आम्ही गुपचूप रेकॉर्ड करत राहिलो.

पोरांनी तो खेळ फुकट इंटरनेटवर ठेवला. नांदेड, परभणी, पार पुण्यापर्यंत लोक उतरवून घ्यायला लागले. लांब होस्टेलवर राहणारी मुलं लिहायची की आम्ही खेळत नाही, नुसते त्या खानावळीत जाऊन बसतो.

आणि मग नोटीस आली.

आता कंपनीची बाजूही सांगितली पाहिजे. चित्रं त्यांची, पात्रं त्यांची, कित्येकांची कित्येक वर्षांची मेहनत. आपण विचारलं होतं का? नव्हतं. कंपनीनं आपली वस्तू सांभाळली, यात वावगं काय? पण हे शहाणपण मला आज सुचतं आहे. त्या दिवशी मी काय केलं? परिपाठाला उभा राहिलो आणि नोटिशीचं मराठी करून, घसा खाकरून वाचलं, "या खेळातील चित्रे, पात्रे, आवाज व संवाद यांवर केवळ कंपनीचा हक्क असून त्यांचा वापर तात्काळ थांबवावा!" मला माझ्याच मराठीचं कौतुक वाटत होतं. व्हरांड्यात बाई तांदूळ निवडत बसल्या होत्या, तिकडे माझं लक्षच नव्हतं.

पोरं पेटली. पोरंच काय, त्या खेळाचे सगळे चाहते पेटले. कंपनीच्या खेळाला एकेक तारा देऊ लागले, आम्ही आता खेळणारच नाही म्हणू लागले. आणि कंपनीनं कुठलंही चित्र टाकलं की खाली शेकड्यांनी एकच ओळ, "घे अजून, काहून लाजून राहिला?" सगळ्यावर हक्क सांगणाऱ्या कंपनीला टोमणा म्हणून वाक्य असं चपखल बसलं की विचारू नका. खोटं कशाला बोलू, मीही हसलो. दोनतीन ठिकाणी पसंतीचा अंगठाही दिला.

त्याच आठवड्यात पातेल्यात खिचडी उरायला लागली. एकोणीस वर्षांत जे झालं नाही ते रोज व्हायला लागलं. मॅडमनी मला विचारलं, "मीठ जास्त पडतंय का हो?" मी जेवण्याच्या वेळी जाऊन उभा राहिलो. मीठ बराबर होतं. बाई एकेक डाव वाढत होत्या आणि तोंड मिटून पुढं जात होत्या. तिसरीतली शिवकन्या स्वतःहून कधीच मागत नाही. तिनं ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं, पातेल्याकडे एकदा बघितलं आणि उठून गेली.

मी स्वयंपाकखोलीत गेलो. म्हटलं, "बाई, रागावलात का पोरांवर?"

त्या म्हणाल्या, "न्हाई सर. तुमीच वाचलं ना, बोलणं कंपनीचं हाय म्हून. माझ्यापायी लेकराइवर केस नको व्हायला." मग पातेलं घासता घासता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "अन् ते वाक्य पोरं शिवी देल्यावानी लिहून राहिले म्हने. मी कुनाला शिवी देली व्हती का, सर?"



मी त्यांना समजावलं, पण त्यांचा विश्वास बसेना. नोटीस वाचणारा मीच, मग माझं कोण खरं मानणार? शेवटी आकांक्षानं कंपनीलाच पत्र लिहिलं. खेळ काढून टाकला आहे, न विचारता केलं ते चुकलं, आमच्या मुलांनी लिहिलेलं पुसून टाकलं आहे. आणि शेवटी एकच प्रश्न, आमच्या खिचडीवाल्या मावशीनं जेवायला वाढताना काय बोलावं हे तुमच्या हक्कात येतं का? अठरा दिवसांनी उत्तर आलं. खेळ आमचा आहे. त्या बाईंचा आवाज आणि त्यांचं बोलणं त्यांचंच आहे, ते आम्ही कधी मागितलं नव्हतं.

कागद छापून मी धावत गेलो. या खेपेला अलंकार न लावता वाचलं. बाईंनी दोनदा वाचायला लावलं. मला वाटलं, हसतील. त्या पदरात तोंड लपवून रडायला लागल्या. म्हणाल्या, "म्हंजी इतके दिस मी लेकरं उगंच अर्धपोटी उठवली."

दुसऱ्या दिवशी पातेलं रिकामं झालं. पण त्या मधल्या दिवसांत शिवकन्येसारखी किती लेकरं बघून उठली असतील? दोष बाईंचा नव्हता, कंपनीचाही नव्हता. ज्याला आपल्या वाचण्याची हौस होती, त्याचा होता.

अध्यक्ष महोदय, वेळ दिल्याबद्दल आपला आणि सभागृहाचा आभारी आहे. माझ्या बोलण्यातलं उणंदुणं आपण पदरात घ्यालच. पण बाई, तुमची माफी मला अजून मागायची राहिली आहे. सगळ्यांसमोर वाचलं होतं, म्हणून सगळ्यांसमोर मागतो. मला माफ करा.

काय म्हणालात, बाई? मागच्यांना ऐकू गेलं नसेल, मी सांगतो. बाई माफीबद्दल काहीच बोलत नाहीत. त्या विचारताहेत, "सर, तुमी सकाळून काही खाल्लं का?"

नाही खाल्लं, बाई.