गेटमामांचे जुळलेले आकडे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या हॉकी संघाचा भार इतकी वर्षं हसतमुखानं वाहणारे माझे ज्येष्ठ स्नेही. वेळात वेळ काढून आलेल्या सन्माननीय नगराध्यक्षा. संघाचे कर्णधार आणि सगळे खेळाडू. आजचे सत्कारमूर्ती, मैदानाच्या फाटकावर तीस वर्षं उभे राहिलेले आपले गेटमामा. पहिल्या रांगेत बसलेल्या मामी, आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या ताई. आणि इथे मोठ्या संख्येनं जमलेल्या बंधू-भगिनींनो,

हसलात? हसा. 'मोठ्या संख्येनं' हे शब्द माझ्या तोंडून सवयीनं जातात. सकाळी खुर्च्या लावणाऱ्यानं मला विचारलं, "साहेब, मागच्या सहा रांगा मांडू, की उगाच पुसायचं काम वाढवू?" मी म्हटलं, मांडा. बावीस वर्षं मी या संघाचा सचिव आहे आणि सामन्याच्या दिवशी माईकवरचा आवाजही मीच असतो. रिकाम्या खुर्च्यांशी बोलायला मला कुणी शिकवायला नको.

लोक सामन्याला का येत नाहीत, या प्रश्नावर आपल्या कार्यकारिणीनं माझ्या आठवणीत चार समित्या नेमल्या. एका समितीनं सांगितलं, गाव लहान आहे. जणू ते आधी मोठं होतं आणि धुतल्यावर आटलं! दुसरी म्हणाली, लोक घरी टीव्हीवर मोठे सामने बघतात. तिसरीनं खापर खेळाडूंवर फोडलं, सारखे हरतात म्हणून. कर्णधारसाहेब, मान खाली घालू नका, ज्या वर्षी आपण नऊ सामने जिंकलो त्या वर्षीही गॅलरी रिकामीच होती. चौथ्या समितीत मी स्वतः होतो. आम्ही लिहिलं की बसायच्या पायऱ्या उन्हात तापतात. पायऱ्यांना रंग दिला. पुढच्या सामन्याला माणसं अजून कमी आली, कारण रंग ओला होता.

पण येत होते तेही लोक का येईनासे झाले, ते मला माहीत आहे. नऊ वर्षं माहीत आहे. आणि ते आज इथे सांगितलं नाही, तर एक चांगला माणूस माझी चूक स्वतःच्या नावावर घेऊन कायमचा घरी जाईल. म्हणून अध्यक्षमहोदय, मला दिलेली दहा मिनिटं मी ओलांडणार आहे.

मामांच्या कामाची पद्धत नव्या मंडळींना माहीत नसेल. सामन्याच्या दिवशी फाटकाशी त्यांच्या दोन्ही हातांत बोटानं दाबायची दोन लहान मोजणीयंत्रं असायची. माणूस आत आला की उजव्या हाताची कळ दाबायची, बाहेर गेला की डाव्या हाताची. सामना संपल्यावर दोन्ही आकडे जुळले, तरच फाटकाला कुलूप. एकदा एकाचा फरक आला, तर हे गृहस्थ तासभर मैदान धुंडाळत होते. शेवटी नगरपालिकेचे एक अधिकारी स्वच्छतागृहात अडकलेले सापडले. कडी बाहेरून लागली होती आणि साहेबांना ओरडायचा संकोच वाटत होता! ते निघताना मामा त्यांना म्हणाले, "साहेब, तुमच्यामुळे माझा डावा हात खोळंबला होता."

मग लीगचा नियम आला. सामन्याला सरासरी पाचशे प्रेक्षक नसतील, तर संघ लीगबाहेर. आपल्याकडे यायचे दीडशे, फार तर पावणेदोनशे. मी मामांना ऑफिसात बोलावलं आणि म्हटलं, "मामा, उजव्या हाताला थोडा व्यायाम द्या. दोन-चार कळा जास्त पडल्या तर आभाळ कोसळत नाही." ते म्हणाले, "आणि डाव्या हाताचं काय? कुलूप कसं लावू?" मी म्हटलं, "त्यालाही तेवढाच व्यायाम द्या. हिशेब चुकता." मला वाटलं, मी फार हुशारीनं बोललो. मामा हसले नाहीत. "तुमचा शब्द," एवढंच म्हणाले.

मामा, हातानं खुणा करून मला थांबवू नका. आज मी थांबणार नाही.

त्या मोसमात मी माईकवरून ऐटीत सांगायचो, "आजची प्रेक्षकसंख्या पाचशे बावीस." गॅलरीत बसलेली दीडशे माणसं मान वळवून आजूबाजूला बघायची. माणसांनी भरलेल्या गॅलरीत आवाज जिरतो. रिकाम्या पायऱ्या तो परत पाठवतात. माझा आकडा पलीकडच्या भिंतीवर आपटून माझ्याकडेच यायचा.

मोसमातला शेवटचा सामना होता. पूर्वेच्या गॅलरीत अगदी वरच्या पायरीवर, गुणफलकाच्या आडोशाला, एक गृहस्थ नेमानं बसायचे. छापखान्यातून निवृत्त झालेले. उन्हासाठी छत्री आणायचे, म्हणून सगळे त्यांना छत्रीवाले काका म्हणत. छत्री उघडली की ते कुठूनही दिसायचे. त्या दिवशी आभाळ होतं. छत्री मिटलेलीच राहिली.

सामना संपला. मामांनी कुलूप लावलं. माझ्या ऑफिसात लीगचे निरीक्षक चहा घेत होते, प्रेक्षकसंख्येचा दाखला त्यांच्यापुढे होता आणि सही तेवढी बाकी होती. साडेसहाच्या सुमाराला मामा दारात आले. त्यांच्यामागे एक मुलगी उभी होती. ती म्हणाली, "काका, माझे बाबा सामना बघायला आले होते, अजून घरी पोचले नाहीत. आत राहिले असतील का?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. "साहेब, एकदा बघून येतो," ते म्हणाले.

निरीक्षकांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "का? आकडे जुळले नाहीत का?"

बंधू-भगिनींनो, मामांच्या हातातले दोन्ही आकडे तंतोतंत जुळलेले होते. पाचशे एकोणीस आत, पाचशे एकोणीस बाहेर. दोन्ही खोटे होते, आणि ते त्या खोलीत फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. फाटक उघडायचं म्हणजे आकड्यावर भरवसा नाही हे निरीक्षकांसमोर कबूल करायचं. मी त्या मुलीला म्हटलं, "आकडे जुळलेत, बाळ. आत कुणीही नाही. वाटेत कुणाकडे थांबले असतील." तिनं मामांच्या हातातल्या यंत्रांकडे बघितलं, आकडे वाचले, आणि तिला ते पटलं. ती "आभारी आहे" म्हणून गेली. निरीक्षकांनी सही केली.

सकाळी टर्फवर पाणी मारणाऱ्या माणसाला काका दिसले. डॉक्टरांच्या अहवालात लिहिलं होतं की हृदयविकाराचा झटका सामन्याच्या अखेरीला आला असावा, पण जीव बराच उशिरा गेला. म्हणजे साडेसहाला ते जिवंत होते. माझ्या ऑफिसातून त्या पायरीपर्यंत जायला चार मिनिटं लागतात. जिना चढताना दम खाल्ला तर पाच.

चौकशी झाली. मामांनी सांगितलं, "मोजण्यात माझी चूक झाली." माझ्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, मोजणीचं काम फाटकावरच्या माणसाचं असतं. हे वाक्य खरं आहे, हीच त्याची लाज आहे. मामांना सहा महिने कामावरून दूर ठेवलं. मामी, त्या सहा महिन्यांत भाजी घ्यायला गेलात की लोक तुमच्यामागे काय बोलायचे, ते माझ्याही कानावर यायचं. मी दुसऱ्या गल्लीनं जायचो.

आणि तुम्ही विचारता, लोक का येत नाहीत! आमच्या न्हाव्यानं माझी दाढी करता करता, वस्तरा गळ्याशी असताना, मला सहज सांगितलं होतं, "साहेब, सामन्याला यायचं हो, पण आलो काय आणि नाही आलो काय, तुमचा आकडा तोच. मग राहिलो आत, तर कळणार कुणाला?" पाचवी समिती नेमायची गरज नाही. जिथे आपल्या असण्यानं आणि नसण्यानं आकड्यात फरक पडत नाही, तिथे कोण कशाला उन्हात येऊन बसेल?

मामा परत कामावर आले ते यंत्रांशिवाय; दाखल्यावरचा पाचशेचा आकडा मीच भरू लागलो. ते माणसं तोंडपाठ करू लागले. निळी टोपी, दोघी बहिणी, खोकणारे मास्तर, काठीवाल्या आजी. सामना सुटला की एकेकाला "पोचा सुखरूप" म्हणून बाहेर सोडायचे. नव्वद-शंभर चेहरे! गर्दी कमी झाली ते त्यांच्या पथ्यावर पडलं, असं मी एकदा गमतीनं म्हणालो आणि जीभ चावली.

माझं म्हणाल, तर नऊ वर्षं प्रत्येक सामन्यानंतर सगळे गेल्यावर मी पूर्वेच्या गॅलरीत चढतो. एकेक पायरी बघतो. गुणफलकाच्या आडोशापर्यंत जातो. तिथे कुणी नसतं, आणि तरी माझ्या तोंडून निघतं, "चला काका, सामना संपला." मग मी उभा राहतो. कशासाठी, ते मला सांगता येत नाही. परवा त्याच पायरीवर टेकलो, तर तिथून माझ्या ऑफिसाची खिडकी दिसली. दिवा लागलेला होता. आत माणूस असता तर तोही दिसला असता. काका त्या संध्याकाळी शुद्धीवर होते का, हे अहवालात लिहिलेलं नाही.

आज मला मामांचं मानपत्र वाचायचं आहे. मसुदा माझाच आहे. त्यात एक ओळ अशी आहे, 'एका दुर्दैवी प्रसंगाचा अपवाद वगळता निष्कलंक सेवा.' गेल्या आठवड्यात मी मामांना विचारलं, समारंभाला तुमच्यातर्फे कुणाला बोलवायचं? त्यांनी एकच नाव दिलं. त्या ताई आज मामींच्या शेजारी बसल्या आहेत. त्यांच्यासमोर ही ओळ वाचायची माझी छाती नाही. ती ओळ मी या पेनानं खोडतो आहे, सगळ्यांच्या देखत. अध्यक्षमहोदय, मानपत्र विद्रूप झालं, पण मामांच्या घरच्या भिंतीवर ते असंच लागू दे. सचिवपदाचा राजीनामा आणि चौकशीतल्या माझ्या जबाबाची दुरुस्ती, दोन्ही कागद तुमच्या टेबलावर ठेवले आहेत. संघ लीगबाहेर जाईल कदाचित. मुलांनो, तुमचा यात काही दोष नव्हता आणि शिक्षा तुम्हालाही होईल, याचं मला फार वाईट वाटतं.

ताई, तुम्ही त्या संध्याकाळी विचारलंत, बाबा आत राहिले असतील का. खरं उत्तर होतं, "माहीत नाही, चला बघू या." तेवढं मी म्हणालो नाही.

आता रीतीप्रमाणे. सभागृह दिल्याबद्दल शाळेचे, चहापाण्याबद्दल खेळाडूंच्या पालकांचे, शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचा उल्लेख राहिला असेल, मानापमानात कमी-जास्त झालं असेल, वेळ तर फारच घेतला, तर आपण मोठ्या मनानं सांभाळून घ्यावं, मला माफ करावं, ही विनंती.

ही विनंती सभागृहाला आहे. ताई, तुम्हाला नाही.