सात दुकानांच्या काचा

मावशी: साल चुकलंय. ऐंशी नाही, एकोणऐंशी.

भाची: आईनेच ऐंशी सांगितलं.

मावशी: तुझ्या आईला आकडे गोल करून सांगायची खोड आहे, पहिल्यापासूनची. एकोणऐंशी साली तुझ्या वडिलांचा कारखाना बंद पडला. त्याच साली ती माझ्या दारात आली आणि म्हणाली, ताई, मला काचा धुवायला शिकव. तेव्हा माझ्याकडे अकरा घरं होती. मी विसरत नाही, त्याला मी काय करू.

भाची: बरं, एकोणऐंशी. आता पुढचं ऐक, आणि मध्ये थांबवू नकोस. पाच वाजता हे पत्रक छापखान्यात द्यायचंय. "घरांच्या आणि दुकानांच्या काचा धुण्याचं हे काम माझ्या आईने एक बादली, एक वायपर आणि एक स्टूल घेऊन सुरू केलं..."

मावशी: स्टूल माझं होतं.

भाची: मावशी.

मावशी: वाच, वाच.

भाची: "एका सकाळी बाजार उघडायच्या आत तिने सात दुकानांच्या सगळ्या काचा धुऊन ठेवल्या. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाकडून काही घेतलं नाही. दुकानदार आले आणि बघत राहिले. त्या सकाळी सुरू झालेलं काम आज तिची मुलगी पुढे नेते आहे." खाली आईचा फोटो. कसं वाटतं?

मावशी: वरचं ठीक आहे. खालचं काढ.

भाची: फोटो काढू?

मावशी: फोटो राहू दे. ते सकाळचं काढ. सात दुकानांचं.

भाची: अगं, सगळं पत्रक त्यावर उभं आहे. स्वच्छ, वेळेवर, वाजवी दरात, हे तर सगळेच लिहितात. त्या चौकातल्या नव्या कंपनीने दोन गाड्या घेतल्यात. त्यांच्याकडे पाण्याचं मशीन आहे, माणसांना एकसारखे निळे शर्ट आहेत. माझ्याकडे काय आहे? ही एक गोष्ट. खरं सांगू, त्यांची गाडी दिसली ना, की माझ्या पोटात दुखतं.

मावशी: दुखणारच. आपल्या घराण्यात आहे ते.

भाची: विषय बदलू नकोस. का काढू?

मावशी: जुनी गोष्ट. आता कुणाला पडलंय तिचं.

भाची: जुनं आहे म्हणूनच लिहिलंय. मावशी, राग मानू नकोस, पण आई म्हणते ते मला आज पटायला लागलंय.

मावशी: काय म्हणते?

भाची: की ताईला माझं चांगलं झालेलं बघवत नाही.

मावशी: बरोबर म्हणते. झोपलीय ना ती?

भाची: गुडघ्याची गोळी घेतली की तासभर उठत नाही.

मावशी: ते दार ओढून घे. आणि इकडे बस, मला ओरडून सांगायचं नाहीये हे.

भाची: बसले.

मावशी: मी तिला चार दिवसांत शिकवलं. वरून खाली ओढायचं, दर ओढीनंतर रबर पुसायचं, काचेवर ऊन असताना पाणी लावायचं नाही. कोपरे शिकवले नाहीत. कोपऱ्यात पाणी राहतं, ते सुकलं की पांढरं दिसतं. मी केसांच्या आकड्याला धोतराचं जुनं कापड गुंडाळून कोपरे टिपायची. ते मी माझ्याजवळ ठेवलं. म्हटलं, सगळंच दिलं तर माझ्याकडे काय उरलं?

भाची: म्हणजे तेव्हापासूनच.

मावशी: तेव्हा नाही, तेव्हा नुसती काटकसर होती. जळणं पुढे आलं. सहा महिन्यांत तिच्याकडे तीस घरं-दुकानं झाली आणि माझी अकराची अकराच. आणि तिने ती मिळवली कशी, ठाऊक आहे? दुकान बंद झालं की जायची आणि दर्शनी काचांतली एकच काच धुवायची. एकच. बाकीच्या तशाच. तिच्यावर चिठ्ठी लावायची: उरलेल्या मी धुते, खाली पत्ता. सकाळी मालक यायचा तर एक काच लखलखीत आणि बाकीच्या अशा दिसायच्या की जणू वर्षानुवर्षं कुणी हात लावला नाही. माणूस लाजेनेच बोलवायचा.

भाची: हे आईने सांगितलं नव्हतं. हे तर भारी आहे.

मावशी: मला आवडलं नाही. म्हणजे, मला सुचलं नाही. बोलणाऱ्याचे कुळीथ विकतात आणि न बोलणाऱ्याचे गहूसुद्धा विकत नाहीत, ही म्हण मी शंभरदा ऐकली होती. पण माझा ताठा असा की काम चांगलं असेल तर लोक आपण होऊन येतील. चांगलं काम म्हणजे काय, तर ऊन आल्यावर काचेवर रेघ दिसता कामा नये, एवढंच मला कळत होतं. तुझी आई म्हणायची, ताई, रेघ कोण बघतं? माणसाने पुन्हा बोलावलं की झालं.

भाची: दोघींचंही बरोबर आहे.

मावशी: तू मध्यस्थी करू नकोस, अजून मूळ गोष्ट यायचीय. माझ्या अकरा घरांत शाळेच्या एक बाई होत्या. अगदी पहिल्यापासूनच्या. एका दुपारी मी त्यांच्याच खिडकीशी स्टुलावर उभी होते, हातात वायपर, आणि बाई खालून मला विचारतात, ती सायकलवरून येते ती तुमची बहीण ना? तिला जरा विचाराल का, तिला वेळ आहे का म्हणून.

भाची: अरे देवा.

मावशी: मी हो म्हटलं. विचारते म्हटलं. आणि ती काच पुरी करूनच खाली उतरले. त्याच संध्याकाळी बाजारातून येताना बघते तर रांगेतल्या सातही दुकानांवर एकेक काच चमकतेय. फोटोवाला, शिंपी, घड्याळवाला, चष्म्यांचं दुकान, रंगवाला, पुस्तकवाला आणि पाववाला. सात चिठ्ठ्या. मला वाटलं, आता संपलं. ही रांग तिला मिळाली की गावात माझं नाव कुणी घेणार नाही.

भाची: मग?

मावशी: मग दुसऱ्या दिवशी उजाडायला गेले बादली घेऊन. चौतीस काचा होत्या उरलेल्या. सगळ्या धुतल्या.

भाची: तू?

मावशी: मी. सगळंच स्वच्छ असल्यावर तिला कोण बोलावणार? तिची युक्ती एका काचेवर चालायची, बाकीच्या मळक्या असल्या तरच. मी मळकंच शिल्लक ठेवलं नाही. अडीच तास लागले. राग सगळा हातात उतरला होता. इतकं चांगलं काम मी आधी कधी केलं नाही आणि नंतरही नाही. चौतीस काचांचे चारही कोपरे टिपले. पाववाल्याच्या काचेवर ऊन आलं तेव्हा काच आहे की नाही ते हात लावून बघावं लागलं मला.

भाची: थांब. आणि चिठ्ठ्या?

मावशी: चिठ्ठ्या तशाच.

भाची: काढल्या नाहीस?

मावशी: दुसऱ्याने लावलेला कागद मी कसा काढणार? ती चोरी झाली असती. मी जळकी होते, चोर नव्हते.

भाची: मावशी, तू चौतीस काचा फुकट धुतल्यास आणि तिचा पत्ता तिथेच ठेवलास.

मावशी: हसून घे. दुपारपर्यंत फोटोवाला स्वतः चालत तुझ्या आईच्या घरी गेला. म्हणाला, एक काच नमुन्याला धुणारे पुष्कळ बघितले, सगळं दुकान धुऊन वर काही न मागणारी बाई पहिल्यांदा बघतोय. संध्याकाळपर्यंत सातही दुकानं तिची. मग दवाखाना, मग शाळा. तिचा धंदा मी उभा केला, आणि घरी येऊन डोकं दुखतंय म्हणून पडून राहिले.

भाची: मग सांगायचं होतंस ना, की मी केलं.

मावशी: मी केलं म्हटलं की लोक विचारणार, का केलं. आणि का केलं हे सांगायची माझी छाती नव्हती. कामाचं श्रेय हवं तर वाईटपणाही घ्यायला लागणार होता, दोन्ही एकाच पिशवीत. पंचेचाळीस वर्षं ही गोष्ट तिच्या तोंडून ऐकतेय. पाहुण्यांसमोर, तुझ्या लग्नात, दवाखान्यात नर्ससमोरसुद्धा. दर वेळी तोंडापर्यंत येतं आणि मी गिळते. तोंडी होतं तोवर गिळलं. आता तू छापतेयस. छापलं की ते तिचंच झालं, कायमचं. माझ्या हातून झालेलं एकुलतं एक पहिल्या प्रतीचं काम, त्याच्याखाली तिचा फोटो.

आई: दार लागत नाही ते, ताई. चौकट फुगलीय गेल्या वर्षापासून.

भाची: आई, तू कधी उठलीस?

आई: तुझ्या मावशीच्या गोष्टीत शाळेच्या बाई आल्या तेव्हा.

मावशी: मग आत काय करत होतीस इतका वेळ?

आई: ऐकत होते. सरक जरा, मला टेकायला हवं. ताई, त्या काचा तू धुतल्यास हे मला त्याच दिवशी कळलं होतं.

मावशी: कसं?

आई: फोटोवाला कोपऱ्यांचं कौतुक करत होता. मी जन्मात कोपरे टिपले नव्हते. जाऊन बघितलं. असे कोपरे करणारी गावात एकच होती.

मावशी: आणि बोलली नाहीस?

आई: मला वाटलं, तू माझ्यासाठी केलंस. हिचे वडील तेव्हा घरी बसले होते, घरात बोलायलाही जड जायचं. वाटलं, ताईने बघितलं आणि गुपचूप हात लावला, मला ओशाळं वाटू नये म्हणून. तू लपवलंस म्हणून मीही लपवलं. लोक विचारायचे, तर हो म्हणत गेले. पुढे सवय झाली.

मावशी: चिमे.

आई: म्हणजे पंचेचाळीस वर्षं मी तुझे उगाचच उपकार मानले.

भाची: आई, पाणी देऊ?

आई: पाणी नको. आणि दुसरं ऐक, ताई, तुला वाटतं जळायचा मक्ता तुझ्या एकटीचा. त्या सातांपैकी दर दुकानदार महिन्या-दोन महिन्यांनी मला म्हणायचा, बाई, काम चांगलं आहे, पण पहिल्या दिवसासारखं नाही. पहिल्या दिवसासारखं! माझं काम लोक माझ्याच कामाशी ताडून बघत होते आणि ते माझं नव्हतंच. तुझ्याकडे आले होते मी, आठवतं? कोपरे कसे करतेस ते दाखव म्हणून.

मावशी: आठवतं.

आई: काय म्हणालीस?

मावशी: म्हटलं, ते ज्याचं त्याने शोधायचं असतं.

आई: मी घरी जाऊन आकडे, काड्या, सुईला कापूस, सगळं करून बघितलं. कधी जमलं नाही. तुझ्या अकरा घरांवरून जाताना मी मान वळवायची.

मावशी: तू? माझ्या अकरा घरांवरून?

आई: ऊन असलं तर मुद्दाम दुसऱ्या रस्त्याने जायची.

भाची: ऐका, मला खरंच वाईट वाटतंय, पण साडेचार झालेत. मी काय छापू? हे सगळं काढून टाकते. वेळेवर, वाजवी दरात, एवढंच ठेवते.

मावशी: हो, काढ.

आई: काढायचं नाही. लिही. एका सकाळी बाजार उघडायच्या आत तिच्या थोरल्या बहिणीने सात दुकानांच्या काचा धुऊन ठेवल्या.

मावशी: आणि का धुतल्या ते?

आई: पत्रकात जागा कुठे आहे?

मावशी: हे खोटं आहे, चिमे. वाचणाऱ्याला वाटेल मी तुझ्यासाठी केलं.

आई: मी इतकी वर्षं तेच खरं धरून चालले. वाईट दिवसांत त्याचा आधार होता मला. ते मला छापून हवंय. तू नाही म्हणायचं नाहीस.

मावशी: माझा फोटो नाहीये चांगला.

आई: तुझा फोटो कोण लावतंय?

(तीन वर्षांनी, मावशीच्या खोलीत. भाची आणि मावशी.)

भाची: चौकातली ती कंपनी दुसऱ्या शहरात गेली. आता तिथे त्यांच्याहून मोठी आलीय. चार गाड्या.

मावशी: दुखतंय पोटात?

भाची: दुखतं, पण जेवण जातं. माझ्याकडे आता चार बायका आहेत कामाला. तुला मंगळवारी यायला जमेल ना? नवीन आलीय तिचे कोपरे कच्चे आहेत.

मावशी: येते. रिक्षा पाठव. बाजारातून घेऊन ये म्हणावं, मला ती रांग बघायची असते.

भाची: काय राहिलंय त्यात? फोटोवाल्याच्या जागी मोबाईल दुरुस्तीचं दुकान झालं.

मावशी: फोटोवाला गेला, त्याला पाच वर्षं झाली. शिंपी मुलीकडे राहतो, त्याला आता दिसत नाही. घड्याळवाल्याने जागा विकली. रंगवाल्याचा नातू आहे, तो काचांवर जाहिराती चिकटवतो, धुवायला काही ठेवतच नाही. शाळेच्या बाई शेवटपर्यंत तुझ्या आईकडूनच धुऊन घेत राहिल्या. मी कधी विचारलं नाही त्यांना काही.

भाची: आईचा दुसरा गुडघाही गेला. आता फोन घेते दिवसभर. लोकांना बोलण्यात असं गुंतवते की तीन खिडक्या सांगायला फोन केलेला माणूस सगळं घर देऊन बसतो.

मावशी: द्यायचाच.

भाची: मावशी, खरं सांग. अजून जळतेस आईवर?

मावशी: थोडी.

भाची: आता कशासाठी?

मावशी: तिला थोरली बहीण होती. मला नव्हती.