हवेचं भाडं

भंगार उचलणारे भाव कसा लावतात, ते मला विचारा. जयपूरमधलं बनी पार्कचं घर सोडताना जुना सोफा, गंजकं कपाट आणि छोटा कूलर आम्हीच पैसे देऊन उचलून न्यायला एकाला बोलावलं. टेम्पो घेऊन आला आणि म्हणाला, "मैडम, वजन नहीं देखते. गाड़ी जितनी भरेगी, उतना पैसा."

मला पटलं. मग त्याच्या माणसांनी सोफा आडवा टाकला, कपाट उताणं टाकलं, कूलर मधोमध ठेवला. हा म्हणतो, "आधी गाड़ी हो गई."

मी म्हटलं, "भैया, इसमें ज़्यादा तो हवा है."

"हवा भी जगह लेती है, मैडम."

"हवा जयपुर की है. उसका किराया मैं नहीं दूँगी."

नवऱ्याच्या बँकेपायी आमच्या सात बदल्या झाल्यात, आणि सातही वेळा ट्रक मी भरून घेतलाय. पदर खोचला आणि चढले टेम्पोत. नवरा खालून म्हणतोय, "अगं, लोक बघतायत." म्हटलं, बघू देत. माणसांना सांगून सोफा उभा करवला, कपाट त्याला टेकवलं, कपाटातल्या फळ्या काढून कूलर आत घातला आणि कूलरच्या पोटात सोफ्याच्या उशा कोंबल्या. पाव टेम्पोसुद्धा भरला नाही.

त्यानं पाव गाडीचेच पैसे घेतले. निघताना म्हणतो, "मैडम, अब दुर्गापुरा वाले दूसरे ग्राहक का माल भी इसी फेरे में आ जाएगा. भरने चलोगी?"

"चलूँगी," मी म्हटलं. "पर मेरा रेट आधी गाड़ी का है."