खलनायक असेपर्यंत शाबूत राहिलेला बांध

अरे, मला पडद्यावर बघून काय घाबरता, माझा खरा दरारा रहिमतपुरात होता. आमचा चुलतभाऊ संपत दर नांगरटीला आमच्या उसाच्या रानाचा बांध कोरायचा. वडील हात जोडून थकले, मी समजावून थकलो. मग मला मालिकेत खलनायकाचं काम मिळालं. ज्या आठवड्यात मी सख्ख्या भावाला विहिरीत ढकललं, त्याच आठवड्यात संपत घरी आला.

"दादा, बांध व्हता तितं नेऊन घातलाय. आमच्या रानात बी विहीर हाय, तवा राग धरू नगा."

वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मालिकेतल्यासारखी नुसती एक भुवई उचलली, तेवढं पुरलं.

पुढं चॅनेलला काय सुचलं कुणास ठाऊक, मालिकेत मला पश्चात्ताप झाला. मी ढसाढसा रडून सगळ्यांची माफी मागितली. लोकांनी लय कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी वडिलांचा फोन आला, "आरं, संपत ट्रॅक्टर घिऊन बांधावर आलाय. तुजं नाव सांगितलं, तर हसतोय."

मी तसाच उठून मालिकेच्या लेखकाच्या घरी गेलो. म्हणालो, "साहेब, पाया पडतो, मला परत बिघडवा."